ओस्तियातली ओली वीट

मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. लिंबू-मिरची, अंगात येणं, करणी... यातल्या एकेका गोष्टीवर मी वर्गात प्रयोग करून दाखवले आहेत. आणि प्रार्थनेनं मूळव्याध बरा झाला म्हणणारे आमच्याही समाजात कमी नाहीत, त्यांनाही मी तोंडावर हसलो आहे. त्यामुळे वाचकांच्या गूढ अनुभवांच्या असल्या सदरात एक दिवस मीच लिहायला बसेन असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला मी अंगठे धरून उभं केलं असतं. या लेखात मी नावं बदलली आहेत. भीती वाटते म्हणून नाही. लाज वाटते म्हणून.

आम्ही श्रीरामपूरचे, कॅथलिक. घरात मी, बायको सरला आणि आई. आई सत्तरीच्या पुढची. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. दोघांनीही उभा जन्म प्रवरेच्या काठी वीटभट्टीवर काढला. वडील खड्ड्यात माती तुडवायचे आणि आई साच्यातून विटा थापायची. मी मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकलो, बी.एड. झालो, नोकरीला लागलो. शाळेत कुणी विचारलंच तर मी सांगायचो, ‘वडील बांधकाम लाइनला होते.’ तसं खोटं नव्हतं म्हणा... विटा बांधकामालाच लागतात.

आईची आयुष्यात एकच हौस होती. रोमला जायचं आणि पोपसाहेबांना बघायचं. बोर्डिंगच्या सिस्टरनी दिलेलं एक कॅलेंडर तिनं वर्षानुवर्षं भिंतीवरून उतरवलं नव्हतं, त्यात सेंट पीटरचा चौक होता. त्यामुळे आमच्या चर्चमधून वीसेक लोकांचा ग्रुप इटलीला निघाला, तेव्हा मी स्वतः होऊन तिघांची नावं दिली. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे खरंच सांगतो.

मग चर्चच्या हॉलमध्ये टूरची मीटिंग झाली. टूर मॅनेजर नाशिकचा, तरुण, बोलका. त्यानं सगळ्यांना माहितीपत्रकं वाटली. वर कोलोसियमचा फोटो. आईनं चष्मा लावला आणि त्या फोटोवरून बोट फिरवत शेजारी बसलेल्या आमच्या मुख्याध्यापकांच्या मिसेसना म्हणाली, “ही ईट लई पक्की भाजलीय गं. आमच्या भट्टीवरची दोन पावसाळ्यात इरघळायची.”

“तुमची भट्टी होती का आजी?”

“आमची कुठली! मालकाची. मी इटा थापायची, ह्याचा बाप माती तुडवायचा. ह्यो सुन्या तवा मातीतच लोळायचा. आन् आमच्या इटांची वळ वळखू यावी म्हनून मी पैल्या इटंला असा आंगठा दाबायची. एक उभा, एक आडवा. कुरूस व्हायचा.” तिनं हवेत डावा अंगठा दाबून दाखवला. मग सगळ्यांकडे बघत मोठ्यानं विचारलं, “तिकडं मिसरी थुकायला जागा असती का वो?”

हॉल हसला. वाईट कुणी हसलं नाही, आता विचार करतो तर प्रेमानंच हसले असतील. पण मुख्याध्यापकांनी माझ्याकडे वळून ‘अच्छा, बांधकाम लाइन’ असं म्हटलं आणि पाठीवर थाप मारली. माझे कान तापले. घरी येईपर्यंत मी आईशी एक शब्द बोललो नाही. तिला वाटलं, माझं डोकं दुखतंय. तिनं बाम आणून दिला.

व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. आईच्या हातावर रेषा अशा उरलेल्याच नाहीत. विटा थापणाऱ्या बाईच्या हाताला वाळू लागते, माती लागते, राख लागते. बोटं गुळगुळीत होतात. रेशनच्या दुकानातल्या मशीनवरही तिचा अंगठा कधी उठत नसे, दुकानदार दर वेळी वैतागून दुसरी काहीतरी सोय करायचा. मुंबईच्या सेंटरमधल्या मुलीनं मात्र शांतपणे ओल्या टिशूनं तिची बोटं पुसली, पुन्हा पुन्हा दाबून घेतली आणि शेवटी हसून ‘हो गया आंटी’ म्हणाली. परतीच्या गाडीत आई हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती, मेंदी काढल्यासारखे.

पासपोर्ट टूरवाल्यांच्या नाशिकच्या ऑफिसात परत आले. मीच आणायला गेलो. तिघांचाही व्हिसा आला होता. आईच्या पासपोर्टात स्टिकरवर तिचा फोटो, डोक्यावर पदर, डोळे मोठे केलेले. एसटी संगमनेरला थांबली तेव्हा मी चहा प्यायला उतरलो आणि चहा संपेपर्यंत माझं ठरलं होतं. मनाला मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. तिचे गुडघे दुखतात, तिकडे चालणं फार, ग्रुपचा खोळंबा होईल... खरं कारण मला माहीत होतं. नऊ दिवस बसमध्ये, हॉटेलात, जेवणाच्या टेबलावर, मुख्याध्यापकांच्या समोर ती भट्टीच्या गोष्टी सांगणार होती.

मॅनेजरला मी फोन करून सांगितलं की आईची तब्येत बरी नाही, तिनंच नको म्हटलंय. सरलाला सांगितलं की आईचा व्हिसा नाकारला. पासपोर्ट शाळेच्या प्रयोगशाळेत ॲसिडच्या बाटल्यांमागे ठेवला, तिथे कुणी हात घालत नाही.

आईला सांगताना ती मेथी निवडत होती.

“आई, तुझा व्हिसा नाही झाला.”

“का रं?”

“तिथं मुंबईत घेतलं खरं... पण पुढं साहेबांना ठसा स्पष्ट दिसला नाही म्हणे. अंगठा उठला नाही.”

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. दोन्ही तळवे उताणे केले, पालथे केले. “व्हय,” ती म्हणाली, “रेशनवाला बी तसंच म्हनतो.” बस्स. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. चार उलटसुलट प्रश्न विचारले असते तर मी तिथंच गडबडलो असतो. पण आपलाच हात खोटा निघाला म्हटल्यावर ती कुणाला काय विचारणार?

त्या दिवसापासून आई हात जपायला लागली. रोज संध्याकाळी कोमट पाण्यात दोन्ही हात बुडवून बसायची, मग ग्लिसरीन आणि लिंबू चोळायची. सरलाला म्हणाली, “भांडी थोडं दिस तूच घास गं बाई. जरा हात बरं करते. फुडच्या साली परत अर्ज टाकू.” कुणी तरी सांगितलं म्हणून रात्री साय लावून झोपायची. मी समोर वह्या तपासत बसायचो. लाल पेन, उत्तरपत्रिका आणि समोर पाण्यात बुडलेले ते हात. दीड महिना मी हे बघितलं आणि तोंड उघडलं नाही.

निघायच्या दिवशी तिनं माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. म्हणाली, “माझ्या वाटचं बी बघून ये.”

*

आमचं हॉटेल रोम शहरात नव्हतं, बरंच बाहेर, समुद्राच्या बाजूला होतं. पोप बुधवारी लोकांना दर्शन देतात. आमच्या सगळ्या टूरचा जीव त्या एका बुधवारावर होता, कारण गुरुवारी सकाळी आम्ही फ्लॉरेन्सला निघणार होतो. आणि नेमका बुधवारी तिकडे वाहतुकीचा संप. आमची बस आलीच नाही. मॅनेजर सकाळपासून फोनवर होता, घामाघूम झालेला. शेवटी त्यानं सांगितलं की शहरात जायला काहीच मिळत नाहीये. हॉटेलच्या छोट्या गाडीतून तीन-चार फेऱ्या करून आपण जवळच एक जुनं रोमन शहर आहे, ओस्तिया, ते बघू. दिवस फुकट नको जायला.

दोन-तीन म्हाताऱ्या बायका अक्षरशः रडल्या. मॅनेजर टेबलाटेबलावर जाऊन समजूत काढत होता. आमच्याजवळ येऊन म्हणाला, “सर, तुमच्या आईंचं एका अर्थी बरंच झालं. व्हिसा येऊन, सगळं होऊन त्या आल्या असत्या आणि आज असं झालं असतं तर किती वाईट वाटलं असतं त्यांना.”

सरलाच्या हातातला कप बशीत टेकला. “आईंचा व्हिसा आला होता?”

“हो, तिघांचे एकदमच आले ना. मग सरांचा फोन आला तब्येतीचं म्हणून...” तो बोलता बोलता थांबला आणि पुढच्या टेबलावर निघून गेला.

सरला शिक्षकांच्या घरातली आहे, संगमनेरची. चारचौघांत ती कधी आवाज चढवत नाही. तिनं पावाला लोणी लावलं, अर्धा खाल्ला, अर्धा तसाच ठेवला. गाडीकडे चालताना फक्त एवढंच म्हणाली, “अहो, त्या रोज हात पाण्यात घालून बसत होत्या.” त्यानंतर ती माझ्या शेजारी बसली नाही की माझ्याबरोबर चालली नाही.

म्हणून मी एकटा होतो. हे सांगणं गरजेचं आहे, कारण नाही तर मी त्या बोळात गेलोच नसतो.

ओस्तिया हे एके काळी बंदर होतं. आता समुद्र लांब सरकला आहे आणि उरलं आहे ते सगळं विटांचं. रस्ते दगडी, पण भिंती, कमानी, दुकानं, धान्याची कोठारं — जिकडे बघाल तिकडे वीट. आपल्यापेक्षा पातळ, पसरट, मोठी. छत्रीसारखी पाइनची झाडं, कडक ऊन, गर्दी फारशी नाही. आमच्याबरोबर क्लाउदिया नावाची तिथली गाइड होती, इंग्रजीत सांगायची. त्या काळच्या सार्वजनिक संडासांपाशी आमच्या ग्रुपनं ओळीनं बसून फोटो काढले आणि सकाळचं रडं विसरून सगळे हसायला लागले. मला तिथं उभं राहवेना. मी नाट्यगृहाच्या मागच्या बाजूनं एका बोळात शिरलो. घड्याळात पावणेबारा झाले होते. वेळ पक्की आठवते, कारण साडेबाराला गेटवर जमायचं होतं आणि मी सारखं घड्याळ बघत होतो.

कोठाराच्या दाराशी, गुडघ्याच्या उंचीवर, एक चौरस वीट भिंतीतून थोडी पुढे आलेली होती. तिच्या कोपऱ्यात दोन अंगठे दाबलेले होते. एक उभा, एक आडवा.

मी हसलो. खरंच. माणसाचा मेंदू ओळखीचे आकार शोधतो, हे मी दरवर्षी ढगांची चित्रं दाखवून शिकवतो. मनात अपराधी भाव आहे, आईच डोक्यात आहे, मग आईचीच खूण दिसणार. मी खाली वाकलो, चष्मा पुसला. आडव्या ठशावर एक तिरकी रेघ होती. आईच्या डाव्या अंगठ्याच्या पेरावर आतल्या बाजूनं विळ्याचा व्रण आहे, तरुणपणी घास कापताना लागलेला. तोही तिरका. तेवढाच.

मग मी जे केलं ते का केलं, मला आजही सांगता येत नाही. मी माझा डावा अंगठा त्या ठशावर ठेवला आणि दाबला.

वीट ओली होती.

सगळी भिंत उन्हानं चटके देत होती आणि तेवढी एक वीट गार आणि मऊ होती. अंगठा आत गेला. थोडासाच, पण गेला. कच्च्या विटेत जातो तसा. उचलताना चिकटला आणि सुटला. अंगठ्यावर काळा चिखल होता. आणि वास... हा वास मी या लेखात कसा घालू? राख मिसळून रात्रभर भिजत घातलेली माती सकाळी तुडवायला घेतात, तेव्हा तिला एक कुजकट, उबट वास येतो. माझं सगळं लहानपण त्या वासाचं आहे. तो वास लागू नये म्हणून बोर्डिंगला जाताना मी दोन दोनदा साबण लावायचो.

मी झटक्यात अंगठा पँटीला पुसला. पुन्हा वाकून बघतो तर वीट कोरडी. नख मारलं तर टण् वाजली. ठसे तसेच, दगडासारखे कडक. मी क्लाउदियाला हाक मारली, काहीतरी विचारायचं म्हणून त्या खुणा दाखवल्या. तिनं सहज हात फिरवला. म्हणाली, अशा खूप सापडतात, विटा वाळत घातलेल्या असताना कामगारांची बोटं लागतात, कुत्र्यांचे पायसुद्धा उमटलेले आहेत. ही वीट दोन हजार वर्षांच्या आसपासची असेल. तिचा हात कोरडा होता. हे ती बोलत असतानाच माझा फोन वाजला.

शेजारच्या रेबेकामावशीचा नंबर होता. आमच्या मागे त्याच आईकडे बघत होत्या. तिकडे तेव्हा सव्वातीन वाजले असतील. मी घाईनं उचलला. पण पलीकडे आईच होती, मोठमोठ्यानं बोलत.

“सुन्या! आरं, उठला!”

“काय उठला?”

“आंगठा रं! रेशनच्या दुकानात हाय मी, रेबेकासंगं. डावा ठिवला आन् मशीन पैल्याच बारीला व्हय म्हनली! दुकानदार बी बघत ऱ्हायला. कितीक सालात पैल्यांदा...” ती दम खात होती. “हात बरं झालं रं माझं.”

“कधी उठला, आई?”

“आत्ताच की. हे काय, दुकानातच उभी हाय.”

मी घड्याळात बघितलं. ती म्हणाली, “पोपसाहेब दिसलं का?”

“नाही. संप आहे इकडं. जाता आलं नाही.”

“आसू दे,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला चक्क आनंद ऐकू आला. “आता आपुन संगंच बघू. आल्या आल्या माझा अर्ज टाक. आता नकू म्हनायला कारनच न्हाई त्यान्ला.”

फोन बंद करून वळलो तर मागे सरला उभी होती. आईचा आवाज लांबूनही ऐकू जाईल असाच असतो. ती म्हणाली, “घरी गेल्यावर तुम्ही सांगणार, का मी सांगू?”

*

आम्ही परत आलो त्या संध्याकाळी आईनं बॅगेतले कपडे धुवायला काढले. माझी पँट हातात घेऊन ती थबकली. मांडीवरचा वाळका डाग तिनं नखानं खरवडला, चुरगाळून नाकाशी नेला.

“ही भट्टीची माती कुठं लागली रं?”

“पडलो असेन कुठंतरी.”

“न्हाई,” ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली, “ही थापायची माती हाय. राख घातल्याली. तिकडं बी भट्टी हाय का?” आणि पँट बादलीत टाकून कामाला लागली. सरला माझ्याकडे बघत होती. मी सांगेन, उद्या सांगेन, असं डोळ्यांनीच म्हणून मी झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. माझा डावाच नोंदवलेला आहे, उजव्या हातात सकाळपासून काही ना काही असतं. मशीनमधली बाई म्हणाली, ‘प्लीज ट्राय अगेन.’ पुसून ठेवला. प्लीज ट्राय अगेन. माझ्यामागे शिक्षकांची रांग लागली. शिपाई म्हणाला, “सर, दाबून ठेवा.” मुख्याध्यापक केबिनमधून बाहेर आले, बघू म्हणाले. मी अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. वर एकही रेघ नव्हती. बाकीची नऊ बोटं जशीच्या तशी, आणि तो एक अंगठा पेराच्या टोकापर्यंत गुळगुळीत.

त्वचेच्या डॉक्टरांना नंतर दाखवला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिला. चुना, ॲसिड, भाजणं, सगळं विचारलं. प्रयोगशाळेतलं ॲसिड असेल म्हणाले, पण मग कातडी अशी राहत नाही, हेही तेच म्हणाले. “असा मी वीटभट्टीवरच्या लोकांचा बघतो. पण त्यांची दहाही बोटं जातात. तुम्ही कधी ते काम केलंय का?”

“मी नाही,” मी म्हटलं, “माझी आई करायची.” हे मी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरच्या माणसाला स्वतःहून सांगितलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत गेलो, बाटल्या बाजूला केल्या, आणि शाळा सुटल्यावर पासपोर्ट घेऊन घरी आलो. आई स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि ते पान उघडून तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नाही.

“ह्यो माझाच फोटू,” ती म्हणाली. “पदर घेतल्याला. कुठला कागूद हाय ह्यो?”

“व्हिसा आहे आई. तेव्हाच आला होता, आमच्याबरोबर. मी तुला खोटं सांगितलं.”

“का?”

गुडघ्यांचं कारण तोंडाशी आलं होतं. दारात सरला उभी होती. मी म्हटलं, “मला तुझी लाज वाटली.”

वर्गात मुलांना मी सांगतो की खरं बोलल्यावर हलकं वाटतं. मला वाटलं नाही. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती हातांकडे बघत होती. दीड-दोन महिन्यांच्या जपणुकीनं ते हात खरंच मऊ, गुलाबी झाले होते, कुणा दुसऱ्याच बाईचे असावेत तसे.

“म्हंजी तवाबी उठला हुता,” ती म्हणाली.

“हो.”

“आन् मी रोज ह्या हातान्ला शिव्या घातल्या.”

ती उठली. मोरीत सकाळची भांडी होती, तिनं घासणी घेतली आणि घासायला बसली. सरला धावली, “आई, राहू द्या, मी करते.” आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं. आता कशापायी जपायचं?” त्या दिवशी तिनं धुतलेली भांडीसुद्धा पुन्हा काढून घासली.

ती माझ्यावर ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी चहाही नेहमीसारखा दिला. मी म्हटलं, आपण दोघंच जाऊ, मी नवीन अर्ज भरतो. म्हणाली, “नको बाबा, गुडघं दुखत्यात.” माझं कारण होतं ते. मी तिला ते कधीच बोलून दाखवलेलं नव्हतं. कॅलेंडर अजून भिंतीवर आहे, पण त्याखालून जाताना ती आता थांबत नाही.

तुम्ही म्हणाल, आईचा अंगठा उठला तो ग्लिसरीननं. शक्य आहे. माझाही वैज्ञानिक मेंदू तेच म्हणतो. माझा अंगठा गेला तो कशानं तरी, सापडेल कधीतरी. पँटीवरचा चिखल कुठल्यातरी बागेतला. ठसा म्हणजे मेंदूचा खेळ. एकेक गोष्ट अशी वेगळी काढली की सुटते. पण सगळ्या एका दुपारी, एका वेळेला? ते मला सुटत नाही. कितीदा मांडून पाहिलं. वाचकांपैकी कुणाला सुटलं तर जरूर कळवा, मी थट्टा करणार नाही. ते दिवस गेले.

गेल्या आठवड्यात आईबरोबर रेशनच्या दुकानात गेलो. पूर्वी मी कधी जात नसे. तिचा अंगठा आता पुन्हा उठत नाही, भांड्यांनी आणि राखेनं हात होते तसे झाले. दुकानदारानं तीनदा प्रयत्न केला आणि म्हणाला, “सर, कार्डावर तुमचं नाव अजून आहे. तुमचा लावा ना, घरातल्या कुणाचाही चालतो.” ते नाव मी नोकरी लागल्यावर कमी करून घ्यायला हवं होतं. आमच्या मागे बरीच माणसं उभी होती, दोन माझे माजी विद्यार्थीसुद्धा. उजवा ठेवला असता तर चटकन काम झालं असतं. मी डावा ठेवला.

मशीन नाही म्हणालं. पुन्हा नाही म्हणालं.

“अरेच्चा,” दुकानदार म्हणाला, “सर, तुम्ही तर खडूचं काम करता. तुमचा का नाही उठत?”

आईनं माझा हात धरून उजेडाकडे वळवला. माझ्या अंगठ्यावरून तिचा अंगठा फिरवला, एकदा, मग परत एकदा. हे ती पहिल्यांदाच बघत होती. मग तिनं माझा हात तसाच धरून ठेवला आणि मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं दुकानदाराला म्हणाली,

“माझ्यावर गेलाय त्यो.”